शालनआक्कांचं चार

आधी फायद्याचं बोलू. दुखणं किती असं कुणी विचारलं की शालन खराडे नावाच्या बासष्ट वर्षांच्या बाई "चार" म्हणायच्या. दहापैकी चार. असं म्हणण्यात त्यांचा नेमका फायदा काय होता?

पहिला फायदा खुर्चीचा. सावळजच्या रस्त्याला तात्यांचं बेदाण्याचं शेड आहे. तिथं लांबलचक पांढरा बेल्ट फिरतो, दोन्ही अंगांना बायका बसून माल निवडतात आणि बेल्टच्या तोंडाशी, जिथं माल पहिल्यांदा उजेडात येतो तिथं, एकच वेगळी खुर्ची आहे. ती आक्कांची. दुसरा फायदा बटणाचा. खुर्चीच्या उजव्या हाताला लाल बटण आहे, ते दाबलं की बेल्ट थांबतो. शेड तात्यांचं असलं तरी बेल्ट थांबवायचा अधिकार आक्कांचा. माल ओला आला, काड्या फार निघाल्या, एखादीचं बोट अडकलं, की आक्का बटण दाबणार. स्वतःसाठी त्यांनी ते दाबलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. तिसरा फायदा शेवटच्या शब्दाचा. दाणा पहिल्या प्रतीचा की दुसऱ्या, यावर आक्का बोलल्या की विषय संपला. मोठमोठे व्यापारी दोन बोटांत दाणा धरून आक्कांच्या तोंडाकडे बघताना मी पाहिलेत.

आता तोटा. आक्कांच्या कमरेतून एक कळ निघायची ती उजव्या पायाच्या करंगळीपर्यंत जायची. कैक वर्षांपासून ती मुक्कामाला होती, आणि जुन्या भाडेकरूसारखी हळूहळू सगळं घर आपलंच समजू लागली होती.

मी शेडचा हिशेब बघतो. बायका मला दिवाणजी म्हणतात. माझ्या हिशेबाने आक्का फायद्यात होत्या. चार म्हणायचं, कळ गिळायची आणि खुर्ची राखायची. हिशेब चोख होता. फक्त तो एकटीचा होता, आणि घरात दोघी होत्या. दुसरी म्हणजे सून, करिश्मा.

करिश्मा आक्कांपासून तिसऱ्या खुर्चीवर बसायची. तिचा उजवा खांदा मानेपासून कोपरापर्यंत जळायचा. बेदाणा निवडताना हात सतत थोडा उचललेला राहतो; दिसायला काम नाजूक, पण अख्खा दिवस हात अधांतरी. आता कुणी म्हणेल, या काळात हे काम यंत्र का करत नाही? करतं. आमच्याकडे डोळ्याचं यंत्र आहे. ते रंग आणि आकार बघून काळा दाणा फुंकरीने उडवतं, आणि फार क्वचित चुकतं. पण आतून आंबायला लागलेला दाणा बाहेरून राजबिंडा दिसतो. तो फक्त बोटाला कळतो. म्हणून यंत्राच्या पुढे अजून बायका आहेत, आणि बायका आहेत म्हणून त्यांच्या माना आणि कमरा आहेत.

त्या वर्षी जिल्ह्यात कणीची योजना आली. तिचं शास्त्र सोपं करून सांगतो. जखम झाली की मज्जातंतू घंटा वाजवतो. ते त्याचं कामच आहे. जखम भरली की घंटा थांबायला हवी. काही माणसांत ती थांबत नाही. महिनोन् महिने वाजते, आणि वाजून वाजून मेंदूला त्या आवाजाची इतकी सवय होते की साधा वारा लागला तरी तो घंटाच ऐकतो. कणी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं उपकरण. मणक्याजवळ, नेमक्या मज्जातंतूशेजारी बसवतात. खोटी घंटा सुरू झाली की ती उलट बाजूने तेवढाच बारीक इशारा देते आणि घंटा मेंदूपर्यंत पोचतच नाही. खरी जखम झाली तर मात्र कणी वाट देते. ज्याने हे शोधलं त्याला माझा नमस्कार.

पण कण्या थोड्या आणि दुखणारी माणसं फार. म्हणून योजनेने दुखण्याची प्रतवारी ठरवली. सौम्य, मध्यम, तीव्र. तीव्र असेल त्याला कणी. मध्यम असेल त्याला औषध आणि व्यायाम शिकवणारी बाई. सौम्य असेल त्याला एक रंगीत पत्रक.

ही प्रतवारी करायला मिरजेहून डॉ. तरन्नुम मुजावर आली. तिशीची, सडपातळ, भरभर बोलणारी. एका मोठ्या स्टीलच्या डब्यात ती सगळ्यांसाठी मनगटातली कडी घेऊन आली होती, आणि बायकांना वाटलं हळदीकुंकवाचं वाण आहे.

"या कड्याला घाम कळतो, नाडी कळते, स्नायू किती आवळलेत ते कळतं," तरन्नुम म्हणाली. "पण दुखतंय किती ते कळत नाही. ते जगातल्या कुठल्याच यंत्राला आपलं आपण कळत नाही. ते तुम्ही त्याला शिकवायचं. कडं थरथरलं की त्या वेळेला जेवढं दुखतंय तो आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे याच्यावर दुखणंच नाही. पंधरा दिवसांत कडं तुमच्या शेडची भाषा शिकेल. कुठला घाम म्हणजे दोन आणि कुठली नाडी म्हणजे आठ. मग ते सांगेल कोण कुठल्या गटात."

"मॅडम, दहा म्हंजे बाळंतपण का नवरा?" हे छबूने विचारलं. शेडमध्ये जीभ नावाचा अवयव जर कुणाचा पूर्ण वेळ काम करत असेल तर छबूचा.

"बाळंतपणाला काहीजणी आठ-नऊ देतात," तरन्नुम गंभीरपणे म्हणाली. "नवऱ्याचं अजून कुणी मोजलेलं नाही."

त्या एका उत्तराने तिने शेड जिंकलं. आणि तिने आणखी एक गोष्ट केली होती, जिचा तिला सार्थ अभिमान होता. बेदाण्याने हात चिकट झालेले असतात. बायकांनी पडद्यावर बोट टेकवायचं कसं? म्हणून तिने कड्याला कान दिला होता. हात कामात राहू देत, आकडा तोंडाने सांगायचा. ही सोय तिच्या डोक्यातून आलेली होती आणि कष्टाची कामं करणाऱ्यांसाठी जिल्हाभर तीच वापरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी पहिल्यांदा थरथरली. सगळ्यांच्या नजरा बेल्टच्या तोंडाकडे गेल्या. आक्कांनी एक दाणा उचलला, उजेडात धरला, पलीकडे टाकला आणि म्हणाल्या, "साडेतीन."

मग छबू म्हणाली, "तीन." मग करिश्मा, "अडीच." आकडा बेल्टवरून उतरत उतरत शेवटच्या खुर्चीवरच्या नव्या पोरीपर्यंत गेला तेव्हा त्याचा एक झाला होता.

दुपारी आक्का "चार" म्हणाल्या, तेव्हा बाकीच्याही थोड्या वर सरकल्या. छबू साडेतीन, करिश्मा तीन. पंधरा दिवस हेच चाललं. घरात सासूच्या आधी सून जेवत नाही म्हणतात, ते आता कोण पाळतं मला माहीत नाही. पण आक्कांच्या पुढे कुणाचं दुखणं गेलं नाही, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

निकाल लागला. सगळं शेड सौम्य.

प्रत्येकीला पत्रक मिळालं. त्यावर एक हसरी बाई मान वळवत होती.

"आपल्या शेडात दुखणंच न्हाई म्हणं," छबू म्हणाली. "तात्या, बाहेर पाटी लावा. लोकं राहायला येत्याल."

सगळ्याजणी हसल्या. करिश्मानेही हसायला मान हलवली, आणि मान तिथंच धरून बसली.

माझं घर खराड्यांच्या समोरच आहे. करिश्माचा नवरा सागर मालाचा टेम्पो घेऊन बंदराला जातो, आठवड्यातले निम्मे दिवस घरी नसतो. संध्याकाळी उंबऱ्यावर करिश्मा लेकीच्या वेण्या घालायला बसायची. पहिली वेणी अर्धी झाली की उजवा हात आपोआप खाली यायचा. मग आक्का आतून यायच्या, एका हाताने दाराची चौकट धरून, वाकून, दुसऱ्या हाताने खाली बसायचा अंदाज घेत बसायच्या आणि उरलेली वेणी पुरी करायच्या. दोघी एकमेकींना काही म्हणायच्या नाहीत. आर्वी, म्हणजे ती लेक, मला एकदा म्हणाली, "काका, माझी एक वेणी मम्मीची असती आणि एक आजीची." मला ते गंमतीचं वाटलं होतं.

इकडे तरन्नुम हैराण झाली होती. आमच्या शेडची उत्तरं तिने पडद्यावर मांडली आणि मला दाखवली. दुसऱ्या गावांचे आकडे डोंगरासारखे वर-खाली होते. आमच्याकडे चारवर सपाट छप्पर. त्याच्या वर एकही ठिपका नाही.

"दिवाणजी, या बायकांच्या नाड्या बघा. ही बघा, करिश्मा खराडे, दुपारी चार वाजता. एवढी नाडी तर माणूस दात दुखताना देतो. आणि ही म्हणते तीन. कड्याने बिचाऱ्याने काय करायचं? त्याला सांगितलं की एवढ्या त्रासाला तीन म्हणतात, ते तेच शिकलं."

"मग तुम्ही तुमच्या मनाने तीव्र लिहा की."

"तसं चालत नाही." ती कडवट हसली. "डॉक्टरच्या मनाने ठरू नये म्हणूनच ही योजना केली. डॉक्टर मोठ्याने ओरडणाऱ्याचं ऐकतात, असं निघालं होतं तपासात. नियम चांगला आहे. तो मीच मागितला होता."

तिला वाटलं, बायका एकमेकींसमोर लाजतात. म्हणून तिने वजनकाट्याची खोली रिकामी करून घेतली, दार लावून एकेकीला आत बोलावलं. करिश्माची पाळी आली तेव्हा काट्याची नोंदवही घ्यायला मी आतच होतो. करिश्मा म्हणाली, दिवाणजी असले तरी चालतील, ते घरचेच आहेत.

"इथं आक्का नाहीत," तरन्नुम म्हणाली. "आता खरं सांग. किती?"

करिश्माने खरोखर विचार केला. "तीनच."

"तुला वेणी घालता येत नाही."

"न्हाई येत."

"अंगठा आणि दोन बोटं बधिर होतात, असं तूच म्हणालीस."

"व्हय."

"आणि तीन?"

"मॅडम, आक्का सकाळी उठत्यात तेव्हा आधी भिंतीला धरून उभ्या ऱ्हात्यात. मी चहा ठेवून चहा उकळंपर्यंत त्यांचं पहिलं पाऊल पडत न्हाई. तसल्या त्या इथं येऊन दिवसभर बसत्यात. त्यांचं ते चार. मग माझं कितीचं असणार? तुम्हीच सांगा."

तरन्नुमने पेन खाली ठेवलं. मला वाटतं, त्या क्षणी तिला सगळं कळलं. करिश्मा लाजत नव्हती, खोटंही बोलत नव्हती. तिच्याकडे मोजायला जी पट्टी होती तिच्यावर चार हा आकडा आक्कांच्या कमरेला बांधलेला होता. पट्टी आक्कांची होती. दार लावून ती बाहेर ठेवता येत नव्हती.

"करिश्मा," तरन्नुम हळू म्हणाली, "बोटं बधिर होणं हे चांगलं नाही. कण्यांची यादी महिन्याअखेर बंद होते. पुढची दोन वर्षांनी. दोन वर्षं ही घंटा अशीच वाजली तर नंतर कणी बसवूनही बोटं परत येतील असं मी म्हणू शकणार नाही."

करिश्माने आपल्या बोटांकडे बघितलं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. "आक्कांना सांगू नका," ती म्हणाली.

तरन्नुमने अर्थातच सांगितलं. चहाच्या सुट्टीत ती आक्कांच्या खुर्चीपाशी स्टूल घेऊन बसली. मी माझ्या टेबलाशी होतो. ऐकू नये असं कुणी म्हणालं नाही. तिने छपराचं चित्र दाखवलं, करिश्माच्या बोटांचं सांगितलं. आक्का चहा पीत ऐकत होत्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, आणि हिशेबाच्या माणसाने विचारावेत असे विचारले.

"मी खरा आकडा सांगितला आणि माझं तीव्र निघालं, तर मला कणी बसंल?"

"नाही, आक्का. तुमच्या छातीत पेसमेकर आहे. दोन्ही उपकरणं एकमेकांचे इशारे ऐकून गोंधळतील. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

"आणि खुर्ची?"

तरन्नुमला हे उत्तर देणं जड गेलं. "तीव्र निघालं की इलाज होईपर्यंत बेल्टवर बसता येत नाही. तुमचा इलाज... कणीने तर होणार नाही."

"म्हंजे माझ्याकडनं घेनार, आणि मला देनार काय न्हाई."

"हो."

"सरळ बोलतीस. बरं हाय," आक्का म्हणाल्या आणि कप खाली ठेवला. मला वाटलं, सौदा फिसकटला. असा व्यवहार तात्यांनी केला असता तर मी त्यांना हात जोडून अडवलं असतं.

पण आक्कांना सौदा मोडायचा नव्हता. खुर्ची न देता तो करायचा होता. दुसऱ्या दिवशी बेल्ट सुरू व्हायच्या आधी त्या उभ्या राहिल्या. "ऐका गं. आजपासनं सगळ्यांनी आठ म्हणायचं. मी सोडून. मॅडमनी कड्यांना परत शिकवनी लावलीय. आठ म्हंजे आठ. करिश्मा, तू पण."

"सगळ्यांनी?" छबूने विचारलं. "सुमनला तर काय दुखतच न्हाई."

"मला पण दुखतंय," सुमन म्हणाली.

शेडमध्ये आक्कांचा शब्द कसा पाळला जातो हे त्या दिवशी दिसलं. सकाळी आठ. जेवणाआधी आठ. जेवणानंतर, अंग सैल पडलेलं असताना, आठ. शेवटच्या खुर्चीवरच्या पोरीने पण आठ म्हटलं आणि वर "दोन दशांश" लावलं, कारण तिला वाटलं तसं खरं वाटेल. तिसऱ्या दिवशी कड्यांनी सगळ्या शेडची उत्तरं बाजूला काढली.

"आक्का," तरन्नुम म्हणाली, आणि हसू आवरायला तिला कष्ट पडत होते, "दुखणं दिवसभर एका जागी बसत नाही. ते वर जातं, खाली येतं. नाडी खाली-वर होतेय आणि आकडा हलत नाही, तर कडं शिकणार काय? त्याला खरं चालतं, थोडं चुकलेलंही चालतं. त्याला हुकूम चालत नाही."

"मग काय चालतं?"

"तुमचं खरं ऐकून त्यांना त्यांचं खरं आठवलं, तर चालेल. दुसरं मला काही सुचत नाही."

यादी बंद व्हायला सोळाच दिवस, म्हणजे कड्याची एकच शिकवणी उरली होती. त्या संध्याकाळी आर्वीची पहिली वेणी सुरूच झाली नाही. करिश्माने कंगवा हातात घेतला, आणि तो बोटांतून निसटून पायरीवर पडला. तिने तो उचलला, तो पुन्हा पडला. आक्का दारात उभ्या होत्या. बराच वेळ त्या त्या कंगव्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी थरथरली. सगळ्यांनी सवयीने आक्कांकडे पाहिलं. त्यांनी उजवा हात लांब केला आणि लाल बटण दाबलं.

बेल्ट थांबला. पंखे फिरत होते तेवढाच आवाज. मला वाटलं माल ओला आला. तात्या ऑफिसातून बाहेर डोकावले. आक्कांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, डोळे मिटले, आणि कळ कमरेतून करंगळीपर्यंत जाऊन येईस्तोवर थांबल्या. मी त्यांना कैक वर्षं रोज बघत आलोय. त्यांचा तो चेहरा मी पाहिलेला नव्हता.

"सात," त्या म्हणाल्या, आणि बटण परत दाबून बेल्ट सुरू केला.

कुणीच आकडा सांगितला नाही. कडी वाट बघून पुन्हा थरथरली. तेव्हा छबू म्हणाली, "पाच," आणि पहिल्यांदाच तिच्या आकड्यामागे विनोद आला नाही. करिश्माचे हात बेदाण्यात तसेच राहिले होते.

दुपारी आक्कांनी पुन्हा बेल्ट थांबवला. "नऊ."

"नऊ व्हय?" छबूला आता राहवलं नाही. "परवा माझ्या भाचीच्या बारशाला अख्खं घुगऱ्यांचं पातेलं ढवळलंत की तुम्ही."

"नऊनंच ढवळलं."

मग करिश्मा बोलली. बेदाण्याकडे बघत, अगदी हळू, जणू दुसऱ्याची वस्तू परत करावी तशी. "आठ," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, कड्याने न विचारता, "आठच."

त्यानंतर शेडमध्ये आकडे बोलू लागले. उगाच फुगवलेले नाहीत. सकाळी तीन असलेली दुपारी सहा म्हणे, आणि सुट्टीत खांदा शेकून आली की चार. आक्का रोज बटण दाबत, रोज खरं बोलत. एखाद्या सकाळी पाचही म्हणत. कमी झालं तर कमी सांगायचं, हेही त्यांनीच शिकवलं. तरन्नुम पडद्यावर ठिपके चढताना बघायची आणि अधूनमधून डोळे पुसायची. धुळीने, असं तिचं म्हणणं. बेदाण्याच्या शेडमध्ये धूळ तशी कमीच असते.

घरात मात्र वेगळंच पेटलं. उंबऱ्यावर बोलणं झालं, म्हणून ते मला माहीत आहे.

"तुम्हाला कुणी सांगितलं हुतं?" करिश्मा चिडली होती. तिला आक्कांशी या आवाजात बोलताना मी त्याआधी ऐकलेलं नाही.

"कुणी न्हाई."

"खुर्ची जाईल."

"जाईल."

"इतकी वर्षं नऊ हुतं आणि चार सांगत ऱ्हायला. मला वाटायचं, एवढ्या वयाची बाई, चारात सगळं ओढती, आणि मी तिनात रडती. माझी मलाच लाज वाटायची, आक्का. हात वर जाईना तरी मी स्वतःला आळशी म्हणायची."

आक्कांनी पुढ्यात बसलेल्या आर्वीची वेणी पुरी केली. मग म्हणाल्या, "माझी सासू 'बरं हाय' म्हणायची. गेली त्या दिवशी सकाळी पण तिचं बरंच हुतं. मला वाटलं असंच म्हनायचं असतं. तुला असं वाटत असंल, हे न्हाई आलं ध्यानात."

"आता खुर्चीवर कोण बसणार?"

"तू. हात बरा झाल्यावर."

"मी न्हाई बसायची तुमच्या जागेवर."

"मग छबू बसंल. ती गप्पांत आंबलेला दाना पहिल्या प्रतीत सोडंल, आणि तात्या रडत माझ्याकडं येईल. मला या वयात तात्याचं रडनं बगायला लावू नको."

आर्वी हसली. मग करिश्माही हसली, आणि हसताना मान धरली.

निकाल लागला. करिश्मा तीव्र. यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी तिचं नाव लागलं. आणखी तिघी तीव्र, छबू आणि बऱ्याचजणी मध्यम. सुमन सौम्यच निघाली, आणि त्याचं तिला इतकं वाईट वाटलं की दोन दिवस ती छबूशी बोलली नाही. आक्का तीव्र. त्यांच्या पुढच्या रकान्यात, कणी बसवता येत नाही, असं होतं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी खुर्चीवरची आपली उशी काढली, काखेत मारली आणि चालत घरी गेल्या. तात्या गेटपर्यंत गेले. ते म्हणाले, "आक्का, उशी टेम्पोतनं पाठवली असती." एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याकडून त्या वेळी एवढंच निघालं.

आता शेवटचा ताळा. किंमत म्हणून कुणी काय मोजलं ते लिहितो.

तरन्नुमने तिची आवडती सोय मोजली. आकडा तोंडाने सांगायची पद्धत जिल्हाभर बंद झाली. आता बायका पायाखालचं एक मऊ पेडल दाबतात आणि शेजारणीला कळत नाही. चूक कुठं झाली ते तिने स्वतःच्या नावाने लिहून वर पाठवलं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर कड्याचा दोष काढून मोकळं झालं असतं. नव्या डॉक्टरांना शिकवताना ती आमच्या शेडचं चित्र दाखवते, आणि सांगते की दार लावलं म्हणजे माणूस एकटा होतो असं समजू नका.

तात्यांनी एका मोठ्या मालाची किंमत मोजली. आक्का नसलेल्या दिवसांत तो आंबलेला निघून परत आला. रोजची काही मिनिटंही ते मोजतात. कारण दीडेक महिन्याने, कणी बसून, बोटांत जीव येऊन करिश्मा त्या खुर्चीवर बसली, आणि तेव्हापासून रोज दुपारी चहाच्या बऱ्याच आधी ती लाल बटण दाबते. बेल्ट थांबतो. बायका उठून माना सरळ करतात, हात खाली सोडतात. पहिल्या दिवशी तात्या धावत आले.

"बेल्टला काय झालं?"

"बेल्टला काय न्हाई," करिश्मा म्हणाली.

तात्या तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी मान खाली घालून काम करत होतो. ते परत आत गेले, आणि तेव्हापासून विचारत नाहीत. हेही त्यांच्या नावावर जमा धरायला हवं.

करिश्माने काय मोजलं? तिला एक गोष्ट कायमची वागवावी लागते. तिचा हात वर जातो, आर्वीच्या दोन्ही वेण्या तिच्या असतात, आणि दारात उभ्या असलेल्या बाईचं पहिलं पाऊल अजून चहा उकळल्याशिवाय पडत नाही.

आणि आक्का. खुर्ची गेली, बटण गेलं, दाण्यावरचा शेवटचा शब्द गेला. कळ तेवढी शिल्लक आहे. सगळ्यांच्या वाट्याचं मिळून त्यांनीच भरलं. मी दोन-तीनदा त्यांच्या जमेच्या बाजूला काही सापडतं का बघितलं. परवा रस्त्यात भेटल्या, काठी टेकत. मी सवयीने विचारलं, "काय आक्का, कसं काय?"

"सकाळपासनं आठ," त्या म्हणाल्या. "आता सावलीला आल्यावर सात."

पूर्वी मी हा प्रश्न विचारून उत्तराआधीच पुढे निघालेलो असायचो. आता थांबलो. शेजारच्या कट्ट्यावर आम्ही बसलो, आणि त्यांच्या सातचे सहा होईपर्यंत मी तिथंच होतो. त्यांच्या जमेच्या बाजूला तेवढंच लिहिलं.